पाइपलाइनच्या कडेची वाट

मी पदवीधर झालो तो माझ्या आत्यामुळे. पुढे चांगले शिक्षक भेटले, पुस्तके देणारे मित्र भेटले, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. पण पहिले नाव घ्यायचे तर आत्याचेच. ते नाव मी इथे लिहीत नाही. छापील कागदावर आपले नाव दिसले तर ती म्हणेल, "मी काय निवडणुकीला उभी हाय व्हय रं?"

आमचे गाव दुधनीच्या जवळ, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात मराठी आणि बाजारात कानडी, अशी आमची बोली. आत्याला लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पाय बारीक राहिले, डावा तर नुसता लोंबतो. ती काखेत कुबड्या घेऊन चालते. बसलेली उठताना कानडीत मोजते, "ओंदु, एरडु, मूरु," आणि मूरु म्हणजे तीन म्हणताच उभी राहते. लग्न झाले नाही. आमच्याच घरी राहिली, हाताने फिरवायच्या मशीनवर सगळ्या वस्तीचे कपडे शिवले. चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि तिला मनात वाचता येत नाही. ओळीखाली बोट धरून ती मोठ्याने वाचते. लग्नपत्रिका असो, औषधाच्या बाटलीवरचा कागद असो, घरातल्या सगळ्यांना ऐकावेच लागते.

आमची बौद्ध वस्ती गावाच्या कडेला. दुधनीला जाणारी डांबरी सडक गाठायला दोन वाटा होत्या. एक गावाच्या मधून, चावडीसमोरून. दुसरी ओढ्यातून, गावाला वळसा घालून. माझे आजोबा ओढ्यातून गेले, वडीलही ओढ्यातूनच गेले. माझ्या लहानपणी चावडीसमोरून जायला कोणी अडवत नव्हते, कोणी तसे बोलतही नव्हते. तरी पाय आपोआप ओढ्याकडे वळायचे. "कडेनं जावं," वडील सांगायचे, "कुणाच्या डोळ्यावर येऊ न्हाय." रस्त्यावर गाड्या बघून चाल असे सांगावे, तितक्या साध्या आवाजात ते हे सांगत. त्या साधेपणामुळेच ते माझ्यात खोल गेले असावे.

पाचवीला मला दुधनीच्या शाळेत घातले. वडील उजाडायच्या आत कामाला जात, थोरला भाऊ त्यांच्याबरोबर. ओढ्यात मोकाट कुत्री असायची, एकट्याने जायची माझी छाती होत नव्हती. तेव्हा आत्या म्हणाली, "मी सोडते." तिला एका शिबिरात हाताने फिरवायची तीनचाकी सायकल मिळाली होती. ओढ्याच्या दगडगोट्यांतून ती सायकल जाणे शक्यच नव्हते. म्हणून आत्या निघाली ती सरळ चावडीसमोरून.

मागच्या फळीवर मी, मांडीवर तिच्या कुबड्या. चावडीचा पिंपळ दिसायला लागला की मी फळी घट्ट धरायचो. मी मान खाली घालायचो आणि चाकाखालून सरकणारी माती बघत राहायचो. पारावर बसणारा एक म्हातारा रोज हटकायचा.

"आलं बघा इमान उडत! ए बाई, हळू की जरा. कोंबड्या बिचकत्यात."

"कोंबड्यास्नी सांगा मालक, रस्ता बघून चालावं," आत्या हात न थांबवता म्हणायची.

पारावरचे लोक हसायचे. ते कोणाला हसतात हे मला कळायचे नाही, आणि न कळल्यामुळे भीती जास्त वाटायची. दहावीपर्यंत आम्ही त्या रस्त्याने गेलो. पुढेपुढे चढावर मी उतरून मागून ढकलायचो. कोणी काही केले नाही. तरी माझी मान काही वर झाली नाही. एकदा मी तिला विचारले, "आत्या, तुला भ्या वाटत न्हाय?" ती म्हणाली, "वाटतंय की. पण मला कडेनं जाता येत न्हाय, लेका."

आता मी सोलापुरात एका शाळेत शिकवतो आणि शुक्रवार पेठेत भाड्याने राहतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आत्या दवाखान्याच्या कामाला सोलापूरला येते तेव्हा माझ्याकडे उतरते. माझी खोली वरच्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा. आत्या जिन्याकडे पाठ करून पायरीवर बसते आणि हातांवर जोर देऊन एकेक पायरी वर सरकते. मी खाली उभा राहतो, घसरली तर धरावी म्हणून.

गेल्या थंडीत ती अशीच आली होती. संध्याकाळी टीव्हीवर उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवत होते. पांढऱ्या-गुलाबी पक्ष्यांची रांगच्या रांग उथळ पाण्यात उभी होती.

"कुटलं हे?" आत्याने विचारले.

"उजनी. आपल्याच जिल्ह्यातलं."

"आपल्या जिल्ह्यात? अन् बघाय कोण बी जातंय?"

"हो. मी शाळेच्या सहलीबरोबर गेलो होतो. काठावरून होडीत बसायचं."

"मग मी का न्हाय बघितलं?"

तिथे पायऱ्या आहेत, होडी हलते, असे काहीतरी मी बोललो. तिने ऐकून घेतले.

"गाव अन् दवाखाना सोडून म्या काय बघितलंय सांग," ती म्हणाली. "बाकी समद्यांचं असंल ते. एकदा मला बी दाव."

एवढेच तिने माझ्याकडे कधी मागितले असेल.

मी एक व्हॅन ठरवली. चालक सोलापूरचाच, बोलघेवडा माणूस. आत्याला पहिल्याच भेटीत त्याने खाला, म्हणजे मावशी, करून टाकले. शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून चाकांची घडीची खुर्ची मागून आणली. महामार्गावरून जाताना आत्या खिडकीला चिकटून बसली होती. ती उसाच्या ट्रॉल्या बघत होती आणि मी तिच्या कुबड्यांच्या टोकांचे रबर बघत होतो. झिजले होते. बदलायचे राहून गेले होते.

होड्या सुटतात त्या ठिकाणी पोचलो तेव्हा काठावर गर्दी होती. पाण्यापर्यंत उतरायला उंच पायऱ्या, आणि खाली दोन दगडांवर टाकलेली एक फळी. होडीवाल्याने खुर्चीकडे पाहिले आणि मला बाजूला घेतले.

"साहेब, बाईस्नी गाडीतच बसू द्या. तुमी जाऊन या. फोटो काढा अन् दावा त्येंना."

"आम्ही उचलून घेतो."

"पडल्या तर जबाबदारी कुणाची? न्हाय जमायचं."

तो उर्मट नव्हता. तोही घाबरला होता. मी परत आलो तेव्हा आत्याने विचारलेही नाही. तिने ऐकले होते.

"दुसरी वाट असंल की," ती म्हणाली. "एवढं मोठं पाणी, त्येला काय एकच दार हाय व्हय?"

ते खरे होते. उजनीचे पाणी गावोगावच्या शेतांपर्यंत पसरलेले आहे. आम्ही थोडे पुढे जाऊन एका टपरीवर चौकशी केली. टपरीवाला म्हणाला, "गावातनं सरळ गेला की पाण्यावर. न्हायतर ही हितनं पाइपलाइनच्या कडेनं वाट हाय, ती बी जाती."

समोर गाव दिसत होते. वेशीची कमान, तिच्यापुढे चौक, चौकात पारावर बसलेली माणसे. माझी मान आपोआप खाली गेली. सोलापुरात मी रोज शेकडो अनोळखी माणसांतून जातो, तिथे काही वाटत नाही. पण खेड्याच्या चौकातून, खुर्ची ढकलत, सगळ्यांच्या नजरेसमोरून जायचे. कोणीतरी विचारणार, कुठले तुम्ही, कुणाकडे आलात, आडनाव काय. त्या शेवटच्या प्रश्नाला मी पदवीनंतरही सरावलेलो नाही.

"गावातनं जाऊ की," आत्या म्हणाली.

"लोक विचारत बसतील, आत्या. हीच वाट जवळची आहे."

तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि कुबड्या मांडीवर घेतल्या.

चालक म्हणाला, "सर, गाडी अंदर नै जाती. मैं हितंच थांबतूं. कुछ लगा तो फोन मारो."

वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. एका कडेने हाताएवढ्या जाडीची पाइपलाइन आणि तिच्या बाजूला जमिनीवर पडलेली विजेची केबल, जागोजागी चिकटपट्टी गुंडाळलेली. जमीन टणक होती, खुर्ची सहज चालली. वारा नव्हता तरी उसाची पाने आतल्या आत सळसळत होती. बिबट्याच्या बातम्या माझ्या डोक्यात येऊन गेल्या. मी खुर्ची जरा जोरात ढकलली. मागे वळून पाहिले तर रस्ता दिसत नव्हता.

मग ऊस संपला आणि एकदम उजेड झाला. समोर उजनीचे पाणी. काठावर पाणी ओसरल्याने उघडी पडलेली भेगाळलेली माती, तिथे एका खांबावर मोटरीची पेटी. आणि पलीकडे उथळ पाण्यात ते पक्षी, टीव्हीवर दिसले होते त्याहून कितीतरी जास्त.

"त्येच व्हय?"

"तेच."

"समदे?"

"हो, आत्या."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "उभी कर मला." मी कुबड्या दिल्या. ओंदु, एरडु, मूरु. ती उभी राहिली. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तसाच राहू दिला.

"एका पायावर उभं हाय बघ ते," ती म्हणाली, "पाय तर माझ्यापरीस बारीक. त्येला न्हाय कोण म्हणत, तू गाडीत बस, फोटो दावतो."

मी हसलो. मी तिला इतकी हलकी झालेली कधी पाहिली नव्हती. त्या थोड्या वेळापुरती माझी मानही वर होती.

तेवढ्यात खांबावरच्या पेटीत खट्‌ असा आवाज झाला. पाण्यातली मोटर घरघरली, पाइपलाइन जनावराने अंग झटकावे तशी हलली, आणि मागे उसात कुठेतरी फस्स असा आवाज सुरू झाला. जवळचे काही पक्षी उडाले.

शेतीची वीज पाळीने येते. ती येईल तेव्हा शेतात माणूस असेलच असे नाही, म्हणून मोटरीला ऑटो स्टार्टर बसवलेला असतो. वीज आली की मोटर आपली आपण सुरू. आमच्याकडच्या विहिरींवरही तेच आहे. हे मला माहीत नव्हते असे नाही. येताना जमीन कोरडी आहे एवढेच मी पाहिले.

मी परतीच्या वाटेत शिरलो आणि थांबलो. पाइपच्या एका जोडातून पाण्याचे फवारे उडत होते. वाटेत पाणी भरत होते आणि उतार असल्याने आमच्याच दिशेने येत होते. त्या पाण्यात ती केबल पडली होती, आणि चिकटपट्टी गुंडाळलेला एक जोड बरोबर पाण्याच्या मध्ये होता. असल्या पाण्यात पाय टाकून माणसे गेल्याचे मी दरवर्षी ऐकतो. खुर्ची लोखंडी. आत्याच्या कुबड्यांचे रबर झिजलेले.

मी मागे धावत आलो. आत्या खुर्चीत बसली होती. मी काय सांगतो आहे ते ऐकून ती म्हणाली, "मग मोटर बंद कर की. तिथं तर हाय पेटी."

पेटी पंधरा-वीस पावलांवर होती. मी तिथवर गेलो. खांबाच्या बुडाशी माती ओली होती. लाल बटण दिसत होते. मी हात पुढे केला आणि थांबलो. तो हात विजेला भिऊन थांबला की दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायला भिऊन, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

"काय झालं?" आत्या ओरडली.

"दुसऱ्याची मोटर आहे, आत्या."

मोटरीच्या आवाजात तिला ते ऐकू गेले की नाही कोण जाणे. मी चालकाला फोन लावला.

"वहींच रुको सर," तो म्हणाला, "पानी में पाँव नक्को डालो. मैं गाँव में जाके पूछतूं, किसकी मोटर है."

म्हणजे शेवटी गावात जावेच लागणार होते, फक्त माझ्याऐवजी तो जाणार होता.

पाणी वाटेतून बाहेर आले आणि भेगाळलेल्या मातीत पसरू लागले. वरून टणक दिसणारा तो थर भिजल्यावर आतून लोण्यासारखा निघाला. खुर्चीचे पुढचे चाक हळूहळू खाली गेले. मी ढकलून पाहिले, ओढून पाहिले. मागे उजनीचे पाणी, पुढे वाटेतून येणारे ते पाणी, दोन्ही बाजूंना गाळ. पाण्याची जीभ खुर्चीकडे सरकत होती आणि ती सरकताना मला दिसत होती. आत्याने आपले पाय हातांनी उचलून, एकेक करून, खुर्चीवर मांडी घालून ठेवले. चेहऱ्यावर काही दाखवले नाही, पण ती पुटपुटत होती. मी कान दिला. ओंदु, एरडु, ओंदु, एरडु. तिसरा आकडा ती म्हणत नव्हती.

"आत्या, मी आहे," मी म्हणालो. माझाच आवाज मला पोरकट वाटला.

"तू हायस म्हणूनच भ्या वाटतंय," ती म्हणाली. "तू त्या पाण्यात पाय घालशील. घालू नगंस."

मग बाजूच्या केळीच्या बागेतून आवाज आला. "कोण हाय रं तिकडं? मोटरीपाशी कोण हाय?" मोठा, चिडलेला आवाज. पाने बाजूला करत एक माणूस बाहेर आला, हातात काठी. मला सुटका झाल्यासारखे वाटायला हवे होते. मी खुर्चीच्या मागे सरलो.

"कुटले तुमी? कुणाची माणसं? हितं काय करताय?"

मी बोलायला तोंड उघडले, पण आत्याच बोलली.

"माणसंच हाय बाबा. आदी मोटर बंद कर, मग काय इचारायचं ते इचार. मी कुटं पळून चालले न्हाय."

त्याने खुर्चीकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले. पेटीपाशी गेला आणि हात न लावता काठीच्या टोकाने लाल बटण दाबले, मग मेन स्विचही खाली ओढून केबलची वीज तोडली. मोटर थांबली. इतकी शांतता झाली की दूरचे पक्षी ऐकू आले.

"अवो, गावातनं यायचं की!" तो माझ्यावर ओरडला. "चौकातनं सरळ ट्रॅक्टरचा रस्ता हाय पाण्यापतूर. चांगला शिमिटाचा. हितनं कोण येतंय? मरायचं हुतं का?"

आत्याने माझ्याकडे पाहिले नाही, हे तिचे मोठेपण.

पाठोपाठ चालक आला, धापा टाकत. आत्याला उचलून न्यायची गोष्ट निघाली तेव्हा ती म्हणाली, "मी पोतं न्हाय. पाचट टाका." वाळलेल्या उसाच्या पानांचे भारे त्या दोघांनी आणि मी ओढून आणून वाटभर पसरले. त्यावरून खुर्ची करकरत निघाली. शेतकऱ्याने पुढची बाजू धरली होती, मी मागची. चालता चालता त्याने विचारले, "आडनाव काय म्हणायचं?"

मी सांगितले.

काही पावले फक्त पाचट मोडल्याचा आवाज. माझी नजर त्याच्या पाठीवर होती. खुर्ची सोडून देतो की काय, असे मला खरेच वाटले.

"उचला जरा," तो म्हणाला, "दगड हाय."

आम्ही चाक उचलले. बस्स, इतकेच. रस्त्यावर आल्यावर त्याने घरी चला असे म्हटले नाही, पाणीही विचारले नाही. त्याला घाई होती म्हणून, की आणखी कशासाठी, ते मला कळले नाही. लहानपणी पारावरचे हसणे कळायचे नाही, तसेच.

परतीच्या रस्त्यात चालक खालाला हसवायचा प्रयत्न करत होता. आत्या एकदाच बोलली. "लई हुते रं पक्षी," ती म्हणाली.

गावी गेल्यावर तिला ताप भरला. दोन्ही हातांत वात आल्यासारखे झाले, कुबड्या धरवेनात. मी दादाला, थोरल्या भावाला, सगळे सांगितले होते. तो फोनवर म्हणाला, "आता तिला कुटं न्यायचं न्हाय. काय कमीजास्त झालं असतं तर? घरात बसून खाऊ दे." त्याच्या आवाजात वडिलांचा आवाज होता, अगदी तसाच साधा. तो चूक बोलत होता असे मला वाटले नाही. खरे तर ते ऐकून मला आधी सुटल्यासारखे वाटले, आणि मग त्या सुटकेचीच धास्ती बसली.

ताप उतरला. हातही सुधारले. पण दादाने तीनचाकी मागच्या शेडमध्ये उभी करून तिच्यासमोर सरपण रचले. आत्या चावडीपर्यंतही जाईनाशी झाली. फोन दादाच्या हातात असायचा. तो आत्याकडे दिला की ती विचारायची, "जेवलास का?" मी काही बोलायच्या आत फोन परत दादाकडे. जी बाई मला घेऊन रोज गावाच्या मधून गेली, ती अशी घराच्या आतून आत सरकत चालली होती, आणि त्या सरकण्याला मी सुरुवात करून दिली होती. मला वाटू लागले की एक दिवस ती उठताना मोजायचीही थांबेल.

उन्हाळा लागायच्या आधी एका रविवारी मी एकटाच एसटीने त्या गावाला गेलो. तिथून परत आल्यावर हे पत्र लिहिले आणि पोस्टाने पाठवले.

आत्या,

तू हे पत्र मोठ्याने वाचणार, म्हणून दादा आणि वहिनी दोघांनी ऐकावे असेच लिहितो. वहिनी, मध्ये चहा ठेवायला उठू नका.

मी काल त्या गावाला जाऊन आलो. या वेळी कमानीतून गेलो. पारावर माणसे होती. नळावर एक म्हातारी हंडा भरत होती, तिने विचारले, "कुणाकडं रं?" मी म्हणालो, "पाण्याकडं." ती म्हणाली, "मग सरळ जा की." पारावरच्या लोकांनी पाहिले, मीही पाहिले. एकाने विचारले कुठले, मी सांगितले. पुढचे त्याने विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते, असे आज लिहितो आहे. तिथे आवाज निघाला असता की नाही, माहीत नाही.

तू गावातनं जाऊ म्हणालीस, तिथून खरेच रस्ता होता. चौकापासून पाण्यापर्यंत सिमेंटचा, ट्रॅक्टर जातो एवढा रुंद. मध्ये एक गटार आहे, त्याच्यावरची फरशी एका बाजूला मोडली आहे. खुर्ची उजवीकडून घ्यावी लागेल. शेवटी थोडा मुरूम आहे, तिथे चाक जड जाईल पण रुतणार नाही, मी पाय आपटून पाहिले. त्या रस्त्याला केबल कुठेच आडवी नाही. सावली नाही. बायकांना आडोशाला जायची सोय नाही, ते आधी विचारून ठेवावे लागेल. तो मोटरवाला भेटला. मला ओळखले. म्हणाला, "बाई बऱ्या हायेत का?" मी म्हणालो, बऱ्या आहेत. मग तो म्हणाला पाइपचा जोड अजून तसाच आहे, तिकडून येऊ नका.

पक्षी आता कमी आहेत. अजून थोडे दिवस राहतील आणि मग जातील. पुढच्या थंडीत परत येतात.

दादा, तुझी भीती खोटी नाही. मलाही तीच वाटते. तुझ्याशी फोनवर मी वाद घातला नाही, कारण तू म्हणालास ते ऐकून मला बरे वाटले होते. पण आपण दोघांनी मिळून आत्याला विचारलेच नाही. ती घसरली तर मी धरीन असे वचन मी देऊ शकत नाही. त्या दिवशी मला साधे बटण दाबता आले नाही. एवढे करीन की या वेळी वाट तिने ठरवायची, आणि ती ठरवेल त्या वाटेने मी मागून ढकलीन.

आत्या, कुबड्यांना नवी रबरे पाठवली आहेत, याच पाकिटाबरोबरच्या डब्यात. दादाला बसवायला सांग. आणि शेडमधले सरपण बाजूला करायला सांग. उजनीला जायचे नसेल तर नको. पण निदान चावडीपर्यंत जा. तो पारावरचा म्हातारा आता नाही, हे मला ठाऊक आहे; कोंबड्या असतीलच.

यायचे की नाही ते मला फोनवर तू स्वतः सांग. दादा, फोन तिच्या हातात दे आणि ती बोलून होईपर्यंत परत घेऊ नकोस.

मी वाट बघतो आहे. भीती वाटते आहेच.

तुझा,
मागच्या फळीवरचा